लंडनच्या भुयारात प्रवासी हरवू नये म्हणून एका वकिलानं ३४ वर्षं घालवली

मुंबई मेट्रोचा नकाशा बघा, पुण्याचा बघा, नाहीतर दिल्लीचा. रंगीत रेघा, त्यावर ठिपके, वळणं एकदम सरळसोट. खरंतर रूळ असे सरळ जात नाहीत आणि स्टेशनंही इतक्या मोजून मापून बसवलेली नसतात. तरी आपण तो नकाशा बघतो, कुठं उतरायचं, कुठं गाडी बदलायची हे दहा सेकंदात कळतं आणि बरोबर पोचतो.

प्लॅटफॉर्मवर उतरलं की स्टेशनचं नाव लगेच दिसतं. ते एकाच प्रकारच्या अक्षरात असतं. जाहिराती त्यांच्या चौकटीत असतात, पाट्या त्यांच्या जागी असतात.

हे सगळं इतकं सवयीचं झालंय की कुणीतरी बसून हे ठरवलं असेल असा विचारही डोक्यात येत नाही.

पण ठरवलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी, लंडनमध्ये. आणि ज्यानं ठरवलं तो इंजिनिअर नव्हता, चित्रकार नव्हता, आर्किटेक्टही नव्हता. तो होता वकील. नाव, फ्रँक पिक.

फ्रँक पिकचा जन्म २३ नोव्हेंबर १८७८ चा. गाव स्पाल्डिंग, इंग्लंडच्या लिंकनशर भागातलं. वडील कापडाचे व्यापारी. पोरगा हुशार निघाला, स्कॉलरशिप मिळवून यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. पुढं यॉर्कमध्येच एका सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी केली, १९०२ मध्ये स्वतः सॉलिसिटर झाला आणि लंडन विद्यापीठाची कायद्याची पदवीही पहिल्या वर्गात काढली.

इतकं सगळं करून गड्यानं वकिली केलीच नाही. तो रेल्वेत चिकटला.

नॉर्थ ईस्टर्न रेल्वे नावाची कंपनी होती. तिथं सर जॉर्ज गिब नावाचे साहेब होते, त्यांना आकडेवारीचं भारी वेड. किती माणसं, किती मैल, किती कमाई याचा हिशोब मांडून रेल्वे चालवायची, ही त्यांची पद्धत. पिक त्यांचा मदतनीस झाला. १९०६ मध्ये गिब लंडनच्या अंडरग्राउंड कंपनीचा कारभार बघायला गेले आणि जाताना पिकलाही सोबत घेऊन गेले.

आता इथं लंडनची तेव्हाची अवस्था समजून घ्यावी लागेल.

जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्येच सुरू झालेली, १८६३ साली. पण पिक तिथं पोचला तेव्हा शहरात भुयारी रेल्वेच्या एक नाही तर अनेक कंपन्या होत्या. प्रत्येकीचं तिकीट वेगळं, पाटी वेगळी, नकाशा वेगळा. चार्ल्स यर्क्स नावाच्या अमेरिकन धनाढ्यानं कर्जावर कर्ज काढून तीन नवीन विजेच्या लाईन खोदायला घेतल्या. आज त्यांना बेकरलू, पिकॅडिली आणि नॉर्दर्न लाईनचा भाग म्हणून ओळखतात. यर्क्स १९०५ मध्ये मेला. लाईन सुरू झाल्या १९०६-०७ मध्ये. आणि अंदाज धरलेल्या प्रवाशांपैकी पहिल्या वर्षी आले जेमतेम निम्मे.

कंपनी दिवाळं निघायच्या काठावर.

लोक का येत नव्हते? एक तर भुयाराची भीती. दुसरं म्हणजे वर रस्त्यावर बस आणि ट्राम होत्या, त्यांचं सगळं डोळ्यासमोर दिसायचं. भुयारात उतरलं की आपण कुठं आहोत हेच कळायचं नाही. प्लॅटफॉर्मच्या भिंती साबण, मोहरी, कोको आणि औषधांच्या जाहिरातींनी खालपासून वरपर्यंत भरलेल्या. त्या गर्दीत कुठंतरी स्टेशनचं नाव. डब्यातल्या माणसानं खिडकीतून मान वळवून ते शोधेपर्यंत गाडी सुटलेली असायची.

पिक तेव्हा साधा मदतनीस होता. पण कंपनीची जाहिरात किती टुकार आहे यावर तो सारखा बोलायचा. इतका बोलायचा की १९०८ मध्ये वरिष्ठांनी ते कामच त्याच्या गळ्यात मारलं. वरिष्ठ म्हणजे अल्बर्ट स्टॅनले. हा माणूस जन्मानं इंग्रज, पण वाढला अमेरिकेत, डेट्रॉईटच्या ट्राम कंपनीत वर चढलेला. पुढं तो लॉर्ड अॅशफिल्ड झाला. स्टॅनले बोलका, पुढाऱ्यांशी आणि बँकवाल्यांशी जुळवून घेणारा. पिक घुमा, शिस्तीचा, कुणाशी गप्पा न मारणारा. ही जोडी पुढची तीस वर्षं टिकली.

पिकला जाहिरातीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कलेचं शिक्षण नाही. त्यानं सुरुवात केली ती प्रवाशाच्या जागी उभं राहून.

पहिला प्रश्न, गाडीतल्या माणसाला स्टेशनचं नाव कसं दिसेल?

१९०८ मध्ये प्लॅटफॉर्मवर नवीन पाट्या लागल्या. लाल रंगाचा भरीव गोल आणि त्यावरून आडवी निळी पट्टी, पट्टीवर पांढऱ्या अक्षरात नाव. जाहिरातींच्या चौकोनी कागदांच्या गर्दीत तो लाल गोल लगेच उठून दिसायचा. सोबतच पिकनं जाहिरातींना शिस्त लावली. त्यांना ठरावीक मापाच्या चौकटी दिल्या, ठरावीक जागा दिली. पाटीच्या आजूबाजूला काही चिकटवायचं नाही.

ऐकायला साधं वाटतं. पण जाहिरात म्हणजे कंपनीचं उत्पन्न, आणि कंपनी कर्जात बुडालेली. अशा वेळी भिंत मोकळी ठेवा म्हणणं सोपं नव्हतं.

मग अक्षरं. कंपनीच्या पाट्यांवर नाना तऱ्हेची अक्षरं होती. पिकला अशी अक्षरं हवी होती जी लांबून, चालत्या गाडीतून वाचता येतील आणि कुठल्याही जाहिरातदाराच्या अक्षरांसारखी दिसणार नाहीत. १९१३ मध्ये त्यानं एडवर्ड जॉन्स्टन नावाच्या सुलेखनकाराला गाठलं. जॉन्स्टन बोरू धरून जुन्या पद्धतीनं लिहिणारा माणूस, रेल्वेशी त्याचा काडीचा संबंध नाही. १९१६ मध्ये त्यानं अक्षरं तयार करून दिली. साधी, ठसठशीत, कुठं फाटा नाही की शेपटी नाही. आज लंडनच्या मेट्रोत जी अक्षरं दिसतात ती याच अक्षरांची सुधारलेली आवृत्ती आहे. त्या लाल गोलाचं कडं करून त्याला आजचं रूप देण्यातही जॉन्स्टनचाच हात होता. १९१७ मध्ये ते चिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं गेलं.

दुसरा प्रश्न होता रिकाम्या गाड्यांचा. सकाळ-संध्याकाळ गर्दी, पण दुपारी आणि रविवारी डबे मोकळे. पिकनं पोस्टर काढायला सुरुवात केली. गंमत म्हणजे त्याच्या बहुतेक पोस्टरवर रेल्वे नसायचीच. असायचं ते गावाबाहेरचं रान, नदी, प्राणिसंग्रहालय, बागा. माणसाला रेल्वेत बसायची हौस नसते, त्याला कुठंतरी जायचं असतं, हे त्यानं ओळखलं होतं. त्यासाठी त्यानं नवखे चित्रकार निवडले. एडवर्ड मॅकनाइट कॉफर हा अमेरिकन तरुण त्यातलाच, त्याचं पुढं मोठं नाव झालं. मॅन रे सारख्या कलाकारानंही १९३८ च्या सुमारास लंडन ट्रान्सपोर्टसाठी पोस्टर केलं. ज्या लोकांना आयुष्यात आर्ट गॅलरीत जायला वेळ नव्हता, त्यांना कामावर जाता-येता नवीन चित्रं बघायला मिळायला लागली.

पण पोस्टर लावून गर्दी कमी होत नाही.

आणि लंडनमध्ये गर्दीनं लोक खरंच रडकुंडीला आले होते. सगळ्यात वाईट जागा म्हणजे फिन्सबरी पार्क. पिकॅडिली लाईन उत्तरेकडं तिथंच संपायची. पुढच्या उपनगरात राहणारी माणसं रोज संध्याकाळी इथं उतरायची आणि पुढं जायला बस, ट्राम पकडायला पळायची. ढकलाढकली, चेंगराचेंगरी, पावसात तासन्‌तास रांगा. तरी लाईन पुढं का वाढत नव्हती? कारण १९०२ च्या एका कायद्यात वरून धावणाऱ्या रेल्वे कंपनीनं कलम घालून घेतलं होतं. फिन्सबरी पार्कच्या पुढं भुयारी रेल्वे न्यायची तर तिचा नकाराधिकार. आपले प्रवासी पळतील, ही भीती.

१९२३ मध्ये लोकांनी ३०,००० सह्यांचा अर्ज सरकारला दिला. १९२५ मध्ये चौकशी बसली, त्यात पिकनं साक्ष दिली. आकडेवारीचा माणूस, वर वकील. कुठल्या तासाला किती माणसं उतरतात, किती बस लागतात, याचा हिशोब त्याच्याकडं तयार असायचा. पण पैशाअभावी घोडं अडलं. शेवटी १९२९ मध्ये बेकारी हटवायला सरकारनं मोठ्या कामांना आर्थिक मदत देणारा कायदा केला तेव्हा लाईनला मुहूर्त लागला. १९३२ मध्ये गाडी आर्नोस ग्रोव्हला पोचली, १९३३ मध्ये कॉकफॉस्टर्सला.

अर्ज दिल्यापासून दहा वर्षं. रोज चेंगरणाऱ्या माणसांनी ती दहा वर्षं कशी काढली असतील, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

दरम्यान गाड्याही बदलत होत्या. सुरुवातीच्या भुयारी गाड्यांच्या डब्यांना टोकाला उघडे सज्जे आणि जाळीचे फाटक असायचे. दर दोन डब्यांमध्ये एक माणूस उभा, तो हातानं फाटक उघडायचा, स्टेशनचं नाव ओरडायचा, फाटक लावायचा. १९२० मध्ये हवेच्या दाबावर उघडझाप करणाऱ्या सरकत्या दारांच्या गाड्या आल्या. गाडी थांबण्याचा वेळ वाचला आणि चालत्या गाडीतून पडण्याचा धोकाही कमी झाला. तुलना करायचीच तर मुंबईत बंद दाराची पहिली एसी लोकल धावली २५ डिसेंबर २०१७ ला. गर्दी, हवा आणि खर्च या अडचणी खऱ्या आहेत, पण मधलं अंतर ९७ वर्षांचं आहे.

फाटकावरचा माणूस गेला म्हणजे स्टेशनचं नाव ओरडणाराही गेला. त्यामुळं भिंतीवरच्या पाटीचं महत्त्व आणखी वाढलं.

पिकॅडिली सर्कस स्टेशनची गोष्टही अशीच. १९०७ मध्ये वर्षाला १५ लाख माणसं तिथून जायची, १९२२ मध्ये तो आकडा १ कोटी ८० लाखांवर गेला. लिफ्टसमोर तुंबलेली गर्दी म्हणजे जिवाला घोर. म्हणून १९२५ ते १९२८ अशी तीन वर्षं खपून चौकाच्या पोटात नवीन स्टेशन खोदलं. वर सगळी वाहतूक चालू, खाली खोदकाम. लिफ्ट गेल्या, ११ सरकते जिने आले. गोलाकार मोठा हॉल केला, म्हणजे कुठल्याही दारानं आत आलं तरी तिकीट, जिना आणि बाहेरची वाट शोधावी लागू नये.

या स्टेशनचा आर्किटेक्ट होता चार्ल्स होल्डन. पिक आणि होल्डन दोघंही एका जातीचे. मितभाषी, साधे राहणारे, नटवेपणाचा तिटकारा असणारे. १९२६ मध्ये दक्षिण लंडनमधली मॉर्डनपर्यंतची लाईन सुरू झाली, तिथली स्टेशनं होल्डनची. पांढऱ्या दगडाची, रात्री दिव्यांनी उजळणारी, लांबून ओळखू येणारी.

१९३० च्या उन्हाळ्यात पिक आणि होल्डन जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, नेदरलँड्स असं फिरून आले. तिथली नवी बांधकामं बघून आल्यावर सडबरी टाऊनचं स्टेशन झालं. विटांची चौकोनी पेटी, वर काँक्रीटचं सपाट झाकण, उंच काचांमधून आत भरपूर उजेड. उजेडाचा आणि सुरक्षित वाटण्याचा संबंध असतो, हे एकट्यानं रात्रीची शेवटची गाडी पकडणाऱ्या कुणालाही विचारा. आर्नोस ग्रोव्हचं गोल स्टेशन तर आजही आर्किटेक्चरचे विद्यार्थी बघायला जातात.

सडबरी टाऊन सुरू झालं आणि थोड्या दिवसांनी पिक तिथं गेला. बघतो तर कर्मचाऱ्यांनी मोकळ्या हॉलमध्ये नाणी टाकून चालणारी यंत्रं वाटेल तशी आणून ठेवलेली. साहेबांचं डोकं फिरलं. तक्रारीची चिठ्ठी गेली.

अशा चिठ्ठ्या हा पिकचा नेहमीचा प्रकार. तो स्वतः गाड्यांतून, बसमधून फिरायचा, सुट्टीच्या दिवशीही फिरायचा. फुटलेला दिवा, वाकडी पाटी, चुकीच्या जागी ठेवलेली कचऱ्याची टोपली, सगळं टिपून ठेवायचा. मग ऑफिसात हिरव्या शाईत लिहिलेला कागद यायचा. हिरवी शाई दिसली की लोकांच्या पोटात गोळा यायचा. कौतुक करण्यात हा माणूस कंजूष होता आणि हाताखालच्या लोकांना त्याच्यासोबत काम करणं सोपं नव्हतं. प्रवाशांसाठी हळवा असलेला साहेब आपल्या माणसांशी बऱ्याचदा कोरडा वागला, ही बाजूही सांगायला हवी.

पण आपल्या माणसाच्या मागं उभं राहायची वेळ आली तेव्हा तो हलला नाही.

किस्सा असा. १९२९ मध्ये कंपनीचं नवीन मुख्यालय झालं, पत्ता ५५ ब्रॉडवे. होल्डननं भिंतीवर बसवायला काही शिल्पं घेतली, त्यातली दोन जेकब एपस्टाईन या शिल्पकाराची. एक दिवसाचं, एक रात्रीचं. दिवसाच्या शिल्पात एक नागडा मुलगा होता. झालं, पेपरवाल्यांनी गदारोळ केला. अश्लील आहे, काढून टाका. कंपनीच्या एका संचालकानं ती काढायचा खर्चसुद्धा देऊ केला. पिकला स्वतःला ती शिल्पं फारशी आवडली नव्हती म्हणतात. पण काम होल्डनवर सोपवलं होतं आणि निर्णय होल्डनचा होता. पिकनं राजीनामा पुढं केला. शेवटी तडजोड झाली. एपस्टाईननं छिन्नी घेऊन त्या मुलाच्या नको त्या भागातला दीड इंच कमी केला, ओरड थांबली. शिल्पं आजही तिथं आहेत.

आता त्या नकाशाकडं येऊ.

आजच्या सगळ्या मेट्रो नकाशांचा बाप म्हणजे हॅरी बेक. हा अंडरग्राउंडच्या सिग्नल विभागात ड्राफ्ट्समन होता. १९३१ मध्ये त्यानं रिकाम्या वेळात एक नकाशा काढला. विजेच्या सर्किटच्या आकृतीसारखा. अंतर खरं दाखवायचं नाही, फक्त आडव्या, उभ्या आणि तिरक्या रेघा. मधल्या गर्दीच्या भागाला जागा जास्त, बाहेरच्या लांब पसरलेल्या भागाला कमी. भुयारातल्या माणसाला वरचा रस्ता कुठं वळतो याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला पुढचं स्टेशन आणि बदलायची जागा कळली की पुरे, हा त्यामागचा विचार.

ज्या कंपनीनं सगळं प्रवाशाच्या नजरेतून बघायचं ठरवलं होतं, तिच्याच प्रसिद्धी विभागानं हा नकाशा परत पाठवला. फारच वेगळा आहे, लोकांना कळणार नाही म्हणून. बेकनं पुन्हा दिला. १९३२ मध्ये ५०० प्रती छापून काही स्टेशनांवर वाटून बघितल्या. लोकांनी उचलल्या. जानेवारी १९३३ मध्ये लाखो प्रती काढल्या. म्हणजे नकाशाचं श्रेय पिकचं नाही, बेकचंच. पण एका ड्राफ्ट्समनच्या कागदाची प्रवाशांवर चाचणी घेतली गेली, ही सवय त्या संस्थेत पिकमुळं आली होती.

त्याच वर्षी, १ जुलै १९३३ ला, लंडनची भुयारी रेल्वे, बस आणि ट्राम एका सरकारी मंडळाखाली आल्या. त्याचं नाव लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्ड. अध्यक्ष अॅशफिल्ड, उपाध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी फ्रँक पिक. जवळपास २,००० चौरस मैलांचा पसारा आणि ९० लाखांवर लोकसंख्या. आपल्याकडं शहरातल्या बस, मेट्रो, रेल्वेसाठी एकच यंत्रणा हवी यावर आजही नुसत्या बैठका होतात. लंडननं तो निर्णय नव्वद वर्षांपूर्वी घेऊन टाकला.

बसचा एक मोठा प्रश्न होता. तेव्हा लंडनमध्ये बसला हात दाखवला की ती कुठंही थांबायची. सोय वाटते, पण त्यानं बस दर पन्नास पावलांवर अडायची, मागची वाहतूक तुंबायची, माणसं भर रस्त्यात पळत जाऊन चढायची. १९३५ मध्ये एका मार्गावर ठरावीक थांब्यांचा प्रयोग झाला. थांबा लांबून दिसावा म्हणून हान्स श्लेगर या डिझायनरनं त्याच गोल-पट्टीच्या चिन्हावरून पाटी तयार केली. बस कुठं थांबणार हे माणसाला आधी कळणं, ही तेव्हा नवी गोष्ट होती.

सीटच्या कापडावरही पिकचं लक्ष होतं. १९३७ च्या सुमारास एनिड मार्क्स, मॅरियन डॉर्न, पॉल नॅश अशा कलाकारांकडून सीटच्या कापडाची नक्षी करून घेतली. अट अशी की रोज हजारो लोक बसले तरी मळ दिसू नये आणि डोळ्यांना त्रास होऊ नये. १९३८ मध्ये आलेल्या नव्या गाड्यांत यंत्रसामग्री डब्याच्या खाली बसवली. त्याआधी इंजिनाच्या डब्यातली बरीच जागा यंत्रांनी खाल्लेली असायची. ती जागा प्रवाशांना मिळाली.

एका गोष्टीनं मात्र तो अस्वस्थ होता. लाईन जितकी लांब नेली तितकी तिच्या दोन्ही बाजूंना घरं उभी राहायची. गर्दी कमी करायला रेल्वे वाढवायची आणि रेल्वे आली म्हणून गर्दी वाढायची. १९३५ मध्ये सुमारे ४ कोटी पौंडांची विस्तार योजना हातात घेतलेला हाच माणूस, शहर कुठंतरी थांबलं पाहिजे, भोवती मोकळ्या जमिनीचा पट्टा राखला पाहिजे असं सांगत फिरत होता. युद्धामुळं त्या योजनेतले काही मार्ग कधीच पूर्ण झाले नाहीत.

युद्ध येणार हे दिसायला लागलं तेव्हा लंडनमधून मुलांना बाहेर काढायच्या वाहतुकीची आखणी पिकवर आली. कुठल्या शाळेची मुलं कुठल्या बसनं, कुठल्या भुयारी स्टेशनातून, कुठल्या मोठ्या स्टेशनवर, किती वाजता. १ सप्टेंबर १९३९ ला सकाळी हे सुरू झालं. गळ्यात नावाची चिठ्ठी आणि खांद्याला गॅस मास्क अडकवलेली काही लाख मुलं, त्यांच्या शिक्षिका आणि लहान बाळांच्या आया चार दिवसांत शहराबाहेर पोचल्या.

मे १९४० मध्ये मंडळातली त्याची मुदत संपली. सरकारच्या आर्थिक धोरणाशी त्याचं पटत नव्हतं, तब्येतही साथ देत नव्हती. तो बाहेर पडला. तीन महिन्यांनी त्याला माहिती मंत्रालयाचा महासंचालक केलं. प्रचाराचं खातं, आणि खोटं बोलायला तयार नसलेला अधिकारी. शत्रूच्या मुलखात टाकायच्या पत्रकांत असत्य छापायला त्यानं विरोध केला आणि त्यावरून चर्चिलशी वाजलं, असं सांगितलं जातं. डिसेंबरमध्ये त्याची नोकरी गेली.

याच महिन्यांत लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते. सरकारला भुयारी स्टेशनांचा निवारा म्हणून वापर नको होता. लोकांनी साधं तिकीट काढलं, खाली उतरले आणि प्लॅटफॉर्मवर अंथरूण टाकून झोपले. शेवटी सरकारलाच नमतं घ्यावं लागलं. पण भुयारही पूर्ण सुरक्षित नव्हतं. १४ ऑक्टोबर १९४० च्या रात्री बॅलहॅम स्टेशनच्या वर बॉम्ब पडला, भुयारात पाणी आणि माती घुसली आणि आसऱ्याला आलेली डझनावारी माणसं गेली. बॅलहॅम म्हणजे पिक आणि होल्डननं १९२६ मध्ये मॉर्डनच्या लाईनवर उभारलेल्या स्टेशनांपैकीच एक.

सरकारनं पिकला सर की आणि लॉर्डकी दोन्ही देऊ केल्या होत्या. त्यानं दोन्ही नाकारल्या. घेतला तो एकच परदेशी सन्मान, सोव्हिएत रशियाचा, मॉस्को मेट्रोसाठी दिलेल्या सल्ल्याबद्दल. मूलबाळ नव्हतं. शेवटच्या वर्षात तो देशातल्या कालव्यांच्या वाहतुकीचा अभ्यास करत होता. ७ नोव्हेंबर १९४१ ला मेंदूत रक्तस्राव होऊन लंडनमधल्या राहत्या घरी तो गेला. वय ६२.

२०१६ मध्ये पिकॅडिली सर्कस स्टेशनच्या त्याच गोल हॉलमध्ये त्याचं स्मारक बसवलं. पुतळा नाही. भिंतीवर लंडन अंडरग्राउंडचं गोल चिन्ह आहे, त्याच्या पट्टीवर स्टेशनच्या नावाच्या जागी फ्रँक पिक असं लिहिलंय, आणि बाजूला त्याच्याच टिपणातले काही शब्द आहेत, जॉन्स्टनच्या अक्षरात.